एका संगणकात चार बिऱ्हाडं

दोस्तांनो, एक कोडं घालू? रावेरच्या बागेतून केळीचा हिरवा घड कापला, फण्या सुट्या केल्या, धुऊन खोक्यात भरल्या आणि ते खोकं आठ-दहा दिवस घरातच ठेवलं, तर काय होईल? सोप्पं आहे! केळी पिकतील, मग काळी पडतील आणि भोवती चिलटं घोंगावू लागतील. मग हीच केळी समुद्र ओलांडून आखाती देशांत पोहोचतात तेव्हा हिरवीगार कशी असतात?

याचं उत्तर आहे थंड कंटेनर. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ साली रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी हे मानांकन मिरवत दुबईला गेली. अशा एका मोठ्या कंटेनरात साधारण २० टन केळी मावतात. आतलं तापमान १३ ते १४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावं लागतं. जास्त गरम झालं तर केळी वाटेतच पिकतात. जास्त गार झालं तर साल काळवंडते आणि मग ती नीट पिकतच नाहीत. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर!

हे तापमान सांभाळतो कोण? कंटेनरच्या यंत्रात बसवलेला एक छोटा संगणक. त्याला ना माउस, ना कीबोर्ड. पोटात बसून तो गुपचूप आपलं काम करतो. अशा संगणकांना एम्बेडेड म्हणजे 'यंत्रात बसवलेले' संगणक म्हणतात. तुमच्या घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये असा संगणक असतो, मोटरसायकलमध्ये असतो, विजेच्या नव्या मीटरमध्येही असतो. आज आपण अशाच संगणकांच्या जगातली एक गंमत पाहणार आहोत. तिचं नाव जरा दांडगं आहे, हायपरवायझर. पण घाबरू नका, नाव मोठं असलं तरी कल्पना वाड्यातल्या बिऱ्हाडांइतकी साधी आहे.

उशिरा आलेलं उत्तर म्हणजे चुकलेलं उत्तर

आधी अडचण काय आहे ती समजून घेऊ. यंत्रातल्या संगणकाला हल्ली एकच काम नसतं. समजा, आपल्या कंटेनरच्या संगणकाला तीन कामं दिली आहेत. पहिलं, तापमान सांभाळणं. दुसरं, 'मी इथे आहे, आत इतके अंश आहेत' असा निरोप मालकाच्या फोनवर पाठवणं. तिसरं, पडद्यावर आलेख काढून दाखवणं.

यातलं पहिलं काम साधं आहे, पण ते चुकून चालत नाही. दुसरं आणि तिसरं काम दिसायला छान आहे, पण गुंतागुंतीचं. त्यासाठी मोठमोठे प्रोग्रॅम लागतात, इंटरनेट लागतं. आणि मोठा प्रोग्रॅम म्हटला की तो कधीतरी अडकणारच. तुमचा मोबाइल गोठतो की नाही? आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो. पण निरोप पाठवणारा प्रोग्रॅम अडकला आणि त्याच्याबरोबर सगळा संगणकच गोठला तर? तापमानाकडे लक्ष कोण देणार? २० टन केळी, म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या घामाची कमाई!

आता याहून मोठं उदाहरण घ्या. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र तुम्ही रेल्वेतून जाताना पाहिलं असेल. तिथे ५०० मेगावॉटचे संच आहेत. अशा संचातलं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला ५०! तुमची पापणी एकदा लवेपर्यंत त्याचे चार-पाच फेरे सहज होतात. अशा यंत्रावर नजर ठेवणाऱ्या संगणकाला 'थांब, जरा वेळाने सांगतो' असं म्हणता येत नाही. इथे उशिरा आलेलं बरोबर उत्तरही चूकच ठरतं. अशा वक्तशीर कामाला 'रिअल टाइम' काम म्हणतात.

मग उपाय काय? तुम्ही म्हणाल, दोन वेगळे संगणक ठेवा की! बरोबर आहे. बरीच वर्षं कारखान्यांत आणि गाड्यांत हेच केलं गेलं. एका कामाला एक डबा. पण कामं वाढत गेली तशी डब्यांची संख्या वाढली. नव्या मोटारीत असे डझनावारी डबे असतात. प्रत्येकाला वायर हवी, जागा हवी, वीज हवी आणि पैसेही हवेत. दुसरीकडे चिपा मात्र शक्तिमान झाल्या. एकाच चिपमध्ये चार-चार, आठ-आठ मेंदू येऊ लागले. या मेंदूंना 'कोअर' म्हणतात. मग इंजिनिअरांच्या मनात आलं, की चार कोअरची एकच चिप घ्यावी आणि तिच्यात चार बिऱ्हाडं बसवावीत. एकाने दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही, एकाकडे भांडण झालं तर दुसऱ्याची झोप मोडता कामा नये.

या वाड्याचा कारभारी म्हणजे हायपरवायझर!

कारभाऱ्याचं काम

संगणक चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही नावं तुम्ही ऐकली असतील. पूर्वी या मुख्य प्रोग्रॅमला सुपरवायझर म्हणत. त्या सुपरवायझरवरही देखरेख करणारा तो हायपरवायझर. नाव असं पडलं. एका संगणकात दोन-तीन ऑपरेटिंग सिस्टिम एकदम चालू असतात आणि प्रत्येकीला वाटतं, 'हा सगळा संगणक माझ्या एकटीचाच आहे!'

हे जमतं कसं? पोस्टमनकाकांचं उदाहरण घेऊ. घर नंबर १० रावेरलाही असतं, सावद्यालाही असतं आणि फैजपूरलाही. तरी रावेरचं पत्र सावद्याला जात नाही, कारण पोस्टमनकाका आधी गावाचं नाव बघतात. संगणकाच्या मेमरीतही असेच घर नंबर असतात. प्रत्येक बिऱ्हाड म्हणतं, 'मला १० नंबरच्या घरातली माहिती द्या.' हायपरवायझरने आधीच एक तक्ता करून ठेवलेला असतो. पहिल्या बिऱ्हाडाचं १० नंबर म्हणजे इथलं घर, दुसऱ्याचं १० नंबर म्हणजे तिथलं. चिप प्रत्येक वेळी हा तक्ता पाहते. तक्त्यात नसलेल्या घराचा दरवाजा कुणी ठोठावला की चिप त्याला जागच्या जागी अडवते आणि कारभाऱ्याला हाक मारते. कारभारी मग ते एकच बिऱ्हाड बंद करतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

ही कल्पना नवी नाही बरं का! अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या केंब्रिज इथल्या केंद्रात १९६७ च्या सुरुवातीला 'सीपी-४०' नावाची अशी व्यवस्था कामाला लागली होती. एका मोठ्या संगणकाचे ती एका वेळी १४ 'भासमान' संगणक करून दाखवी. तेव्हा संगणक इतके महाग होते, की वाटून घेण्यावाचून इलाजच नव्हता. पुढे २००३ साली इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून 'झेन' नावाचा हायपरवायझर बाहेर पडला. २००७ साली 'केव्हीएम' थेट लिनक्समध्येच सामील झाला. हे दोन्ही सगळ्यांसाठी खुले होते. तुम्ही इंटरनेटवर जे जे पाहता, त्यातलं बरंचसं अशाच वाट्यावाट्यांच्या मोठ्या संगणकांवरून येतं.

पाण्याची पाळी की स्वतःची विहीर?

पण या मोठ्या संगणकांची रीत कारखान्यात चालेना. का? शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. कालव्याच्या पाण्याला पाळी असते. आज याचा नंबर, उद्या त्याचा. इंटरनेटवरच्या संगणकात हायपरवायझर अशाच पाळ्या लावतो. कोअर चार आणि बिऱ्हाडं दहा! एखाद्याचा नंबर क्षणभर उशिरा लागला तर फारसं बिघडत नाही. चित्र जरा उशिरा उघडतं, एवढंच. पण टर्बाइनवाल्याला उशीर चालत नाही हे आपण पाहिलंच. त्याला पाळी नको, स्वतःची विहीर हवी.

जर्मनीच्या सीमेन्स कंपनीत यान किस्का नावाचे इंजिनिअर आहेत. (ठाण्याजवळ कळव्याला याच कंपनीचा मोठा कारखाना आहे.) त्यांनी २०१३ साली एक छोटासा खुला हायपरवायझर जगापुढे ठेवला. त्याचं नाव ऐका, 'जेलहाऊस', म्हणजे चक्क तुरुंग! त्यात बिऱ्हाडांना कोठड्या म्हणतात आणि आत चालणाऱ्या प्रोग्रॅमना कैदी. गंमत अशी, की आधी नेहमीसारखं लिनक्स सुरू होतं आणि मग जेलहाऊस हळूच त्याच्या खाली जाऊन बसतो. तो लिनक्सला म्हणतो, 'चार कोअरपैकी तीन तुझे. चौथा या कैद्याचा. त्याच्याकडे बघायचंही नाही.' चौथा कोअर मग एकाच वक्तशीर कामाला कायमचा बांधलेला. पाळी नाही, वाट पाहणं नाही. कामच इतकं थोडं असल्यामुळे हा प्रोग्रॅमही लहान आहे, काही हजार ओळींचा. लिनक्स मात्र कोट्यवधी ओळींचं आहे. लहान असण्याचा फायदा काय? वही छोटी असेल तर बाईंना तपासायला सोपी!

मग अशा छोट्या कारभाऱ्यांची रांगच लागली. २०१८ साली इंटेल कंपनीच्या पुढाकाराने 'एक्रन' आला. २०२० साली पोर्तुगालच्या मिन्हो विद्यापीठातून 'बाओ' आला. आपल्या देशातलंही एक नाव लक्षात ठेवा. अनुप पटेल या भारतीय इंजिनिअरने यंत्रातल्या संगणकांसाठी 'एक्सव्हायझर' हा खुला हायपरवायझर सुरू केला. 'रिस्क-फाइव्ह' नावाची एक चिपांची भाषा आहे. कोणालाही फुकट वापरता येते. त्या चिपांसाठी केव्हीएमचं काम जानेवारी २०२२ मध्ये लिनक्समध्ये आलं, त्यातही पटेल यांचा मोठा वाटा आहे.

हेलिकॉप्टरवर हल्ला!

'पण हे बिऱ्हाडांचं कुंपण खरंच पक्कं असतं का हो?' असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्याची एक खरी गोष्ट सांगतो.

ऑस्ट्रेलियातल्या 'निक्टा' या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांनी 'एसईएलफोर' नावाचा चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. तो कारभाऱ्याचं कामही करू शकतो. त्यात सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळी होत्या. २००९ साली त्यांनी भूमितीतलं प्रमेय सिद्ध करावं तसं गणिताने सिद्ध करून दाखवलं, की हा प्रोग्रॅम ठरवून दिलंय तेच करतो. या सिद्धतेला किती ओळी लागल्या असतील? जवळजवळ दोन लाख! २०१४ साली त्यांनी हे सगळं जगासाठी खुलं केलं.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मग त्याची कसोटी घ्यायचं ठरवलं. बोइंग कंपनीचं 'लिटल बर्ड' नावाचं, पायलटशिवाय उडू शकणारं हेलिकॉप्टर निवडलं. त्याच्या संगणकात भिंती घातल्या. एका खोलीत उड्डाणाचं काम, दुसऱ्या खोलीत कॅमेऱ्याचं. २०१५ च्या उन्हाळ्यात तरबेज हॅकरांच्या एका तुकडीला बोलावलं आणि सांगितलं, 'घ्या, कॅमेऱ्याच्या खोलीची किल्ली तुम्हाला देतो. आता भिंत फोडून उड्डाणाच्या खोलीत शिरून दाखवा!'

विचार करा, चोराला घरात घेऊनच पैज लावली होती! सहा आठवडे त्यांनी जंग जंग पछाडलं. आपल्याच खोलीत धुडगूस घालून कॅमेऱ्याचं काम बंद पाडणं त्यांना जमण्यासारखं होतं. पण भिंत काही फुटली नाही. उड्डाणाचा ताबा त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही.

म्हणून आपल्या कंटेनरची केळी कुणी चोरटा मुद्दाम नासवू पाहील, कुणी इंटरनेटवरून वीज केंद्रात घुसायला बघेल, तेव्हा बाहेरचा दरवाजा तुटला तरी आतली खोली शाबूत राहायला हवी. हेच या कारभाऱ्याचं खरं मोल आहे.

तरीही व्हॉल्व्हची भानगड

दोस्तांनो, इतकं सगळं ऐकून 'वा, आता काळजीच मिटली!' असं समजू नका. एक पेच उरतोच. तो रावेरच्या मुलांना सगळ्यात चटकन कळेल.

केळीच्या बागेत ठिबक असतं ना? विहिरीवरून एक मेन लाइन येते, तिच्या फांद्या होतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा व्हॉल्व्ह. तुकडे वेगळे, व्हॉल्व्ह वेगळे. पण सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले की काय होतं? दाब पडतो आणि शेवटच्या झाडाला थेंब थेंबसुद्धा मिळत नाही. कारण मेन लाइन एकच!

चिपचंही अगदी असंच आहे. कोअर वेगळे, मेमरीतली घरंही वेगळी. पण मेमरीकडे जाणारा रस्ता एकच आणि वाटेतलं 'कॅशे' नावाचं चिमुकलं कोठारही बहुतेक वेळा सामाईक. शेजारचं बिऱ्हाड मोठाली चित्रं काढायला बसलं की हा रस्ता भरून जातो. आपला वक्तशीर गडी मग काहीही चूक नसताना मागे पडतो. भिंत शाबूत, पण पाणी नाही!

यावर एक नामी युक्ती निघाली आहे. कोठाराला रंगांचे पट्टे मारायचे आणि सांगायचं, 'लाल पट्टा तुझा, निळा त्याचा.' या युक्तीला 'कॅशे कलरिंग' म्हणतात. बाओमध्ये ती आहे. झेनच्या २०२५ सालच्या ४.२० या आवृत्तीत आर्म जातीच्या चिपांसाठीही ती आली. तरी रस्त्यावरची गर्दी पूर्ण हटलेली नाही. त्यावर आजही संशोधन सुरू आहे.

आणखी एक सांगायचं म्हणजे, जिथे साधा संगणक पुरतो तिथे हायपरवायझर बसवायची गरज नसते. माणूस दोनच असले तर वाडा कशाला बांधायचा?

भरीत पार्टीतलं विज्ञान

आतापर्यंत मी 'खुला, खुला' असं किती वेळा म्हटलं! खुला म्हणजे काय ते पाहू. खानावळीतली शेवभाजी चवदार असते, पण मसाल्यात काय घातलंय ते मालक सांगत नाही. आपल्या खान्देशातली भरीत पार्टी मात्र वेगळी. शेतातच वांगी भाजायची, सगळ्यांसमोर कुटायची. काय किती घातलं ते सगळ्यांना दिसतं. मीठ कमी पडलं तर कुणीही सांगतं आणि घरी जाऊन आपल्या पद्धतीने करूनही बघतं. खुला प्रोग्रॅम, म्हणजे ओपन सोर्स, तसाच असतो. त्याची प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते.

कारखान्याला याचा मोठा उपयोग आहे. मोबाइल आपण चार-पाच वर्षांत बदलतो. कारखान्यातलं यंत्र मात्र वीस-वीस, तीस-तीस वर्षं चालतं. तेवढ्या काळात प्रोग्रॅम लिहिणारी कंपनीच बंद पडली तर? प्रोग्रॅम खुला असेल तर दुसरा कुणीतरी तो वाचून दुरुस्त करू शकतो.

पण पालकांनो आणि दोस्तांनो, खुलं म्हणजे आपोआप चांगलं असंही नाही. जेलहाऊसचंच बघा. २०२० साली त्याची ०.१२ ही आवृत्ती आली आणि त्यानंतर कामाचा वेग मंदावला. सामाईक विहिरीतला गाळ कुणी काढलाच नाही तर पाणी आटतं. खुला प्रोग्रॅमही हात लागले तरच टिकतो. शिवाय गाडीत किंवा रेल्वेत तो वापरायचा तर सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी ओळ न् ओळ तपासावी लागते. झेनचे लोक हल्ली गाड्यांसाठी तयार झालेली 'मिस्रा' नावाची कडक नियमावली समोर ठेवून तेच काम करत आहेत.

मग हे हात कुणाचे असणार? मुंबईच्या किंवा पुण्याच्याच मुलांचे का? मुळीच नाही! प्रोग्रॅमच्या त्या ओळी रावेरलाही तेवढ्याच दिसतात, जेवढ्या जर्मनीला दिसतात. त्या वाचायला लागतं काय? सी भाषा, थोडं गणित, इंग्रजी वाचायची चिकाटी आणि जुना का होईना, एक संगणक.

करून पाहा

छोट्या दोस्तांसाठी: बादलीला खाली दोन नळ्या जोडा. त्यासाठी भोक पाडताना मोठ्यांची मदत घ्या. एकच नळी उघडून पेला किती सेकंदांत भरतो ते मोजा. मग दुसरीही नळी उघडून पुन्हा मोजा. पाण्याची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेवायची हं! वेळ बदलला का? आता दोन्ही नळ्या बादलीला वेगवेगळ्या न जोडता एकाच बारीक नळीतून फाटा काढून जोडा आणि पुन्हा मोजा. कोणत्या जोडणीत शेजाऱ्याचा त्रास जास्त झाला? तुमच्या वहीत तक्ता करा. चिप बनवणारे इंजिनिअरही अगदी असंच मोजमाप करतात.

आठवी-नववीच्या पुढच्या दोस्तांसाठी: 'क्यूएमयू' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो तुमच्या साध्या संगणकात दुसऱ्याच एखाद्या चिपचं सोंग आणतो. त्याच्यावर एक्सव्हायझर चालवून पाहता येतो. जेलहाऊसही चालतो. ज्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक असेल त्यांना जेलहाऊस त्याच्यावरही बसवून बघता येईल. पहिल्या दिवशी काहीच जमणार नाही. पडद्यावर नुसत्या चुकांच्या ओळी येतील. प्रत्येक ओळ नीट वाचा आणि संगणक शिकवणाऱ्या सरांना किंवा बाईंना विचारा. दोन बिऱ्हाडं चालू झाली की त्यातलं एक मुद्दाम बंद पाडा आणि दुसरं चालू राहिलं का ते बघा.

राहिलं, तर समजा तुमचा कारभारी पक्का आहे!